पालथी तबकडी

"ओळख पाहू, माझ्या मनात आत्ता काय आलंय?"

हा आवाज तिनं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. त्या शनिवारी भर दुपारी, चष्म्यांच्या दुकानासमोरच्या फुटपाथवर, हातात नवऱ्याचा गुडघ्याचा पट्टा घेऊन ती उभी होती आणि तो आवाज आतून कुठून तरी वर आला. लग्नानंतरच्या पहिल्या खोलीतला आवाज. एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीला पाठ टेकून बसलेली दोघं. तो डोळे मिटून विचारायचा, ती त्याच्या कपाळाकडे बघायची आणि सांगून टाकायची. आंघोळीचा कंटाळा आलाय तुला. साहेबानं आज पुन्हा चारचौघांत झापलं, ते तू मला सांगितलेलं नाहीस. आईची आठवण येतेय, पण कबूल करायचं नाही. तो डोळे उघडून असा बघायचा, जसं काही तिनं त्याच्या खिशातून जिवंत चिमणी काढून दाखवली. हरखून जायचा, तिचं मनगट धरून ठेवायचा. मग कधीतरी त्याचं विचारणं थांबलं. तिचं सांगणं तेवढं थांबलं नाही. आणि आज हे सगळं आठवायला झालं होतं एवढंच, की चष्म्यांच्या दुकानावरच्या माडीच्या खिडकीतून तो हसला होता.

हसणं त्याचंच होतं, त्यात शंका नव्हती. ती पट्टा घेऊन गेली होती ती व्यायामोपचाराच्या दवाखान्यात. दर शनिवारी तो तिथं गुडघा शेकायला जायचा. लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस. लोकांना वर-खाली नेणाऱ्या यंत्रांसाठी स्वतः जिने चढून चढून गुडघा झिजवून घरी बसलेला. पट्टा विसरला म्हणून ती मागून निघाली, तर काउंटरवरची बाई म्हणाली, "ते? अहो, ते तर मागच्या वर्षापासून आलेलेच नाहीत. बरे आहेत ना?" बरे आहेत, असं सांगून ती बाहेर पडली. दोन गल्ल्या चालली आणि वरून ते हसू आलं, मोकळं, पोटातून उसळलेलं, शेवटी थोडी शीळ वाजल्यासारखं. घरी ते केव्हाच संपलं होतं. घरी 'काही नाही' होतं. काय झालं? काही नाही. काय विचार करतोयस? काही नाही. आणि इथं माडीवर कुणाला तरी तो हे हसू फुकट वाटत बसला होता. बाई असेल, असं तिच्या मनात आलं. मग आणखी दोन पुरुषांचं हसू त्यात मिसळलं, लाकडी टेबलावर काही खुळखुळलं, आणि तिला वाटलं, बाई असती तर बरं झालं असतं. बाईशी भांडता येतं.

संध्याकाळी तो आला तेव्हा पट्टा खुंटीवर होता. "गुडघा काय म्हणतो?" "बरा आहे." "काय केलं आज?" "काही नाही. तेच. शेक." त्याच्या अंगठ्याला गोंदाचा वाळलेला पापुद्रा होता, आणि बोलता बोलता तो पापुद्रा नखानं सोलत होता. तिनं पाहिलं. पानं वाढली. आज तू खोटं बोललास, हे तिच्या ओठांवर तयार होतं, आणि तरी ती गप्प राहिली. वाट बघत राहिली, की हा आपणहून सांगेल. त्याच्याकडून काही ऐकायची भूक आपल्याला किती आहे, हे तिला त्या रात्री ताटावर बसल्यावर कळलं, आणि त्या भुकेचाच तिला राग आला.

ती दात घडवायची. दातांच्या लॅबमध्ये, उत्तरेच्या खिडकीपाशी तिचं टेबल होतं. समोर छटांची पट्टी, भिंग, आणि तीन केसांचा म्हणावा असा ब्रश. डॉक्टर साचे पाठवायचे, ती त्यावरून कॅप बनवायची. दात तिचे नव्हते, तोंडं तिची नव्हती, हसणारी माणसं तिनं कधी पाहिली नव्हती; पण कोण रात्री दात खातं, कोण एकाच बाजूनं चावतं, कोण चहाचं वेडं आहे, हे तिला साच्यावरून समजायचं. साचा बघून माणूस सांगते, असं लॅबमध्ये म्हणायचे. ती नुसती हसायची. घरी एक साचा होता. तो तोंडच उघडत नव्हता.

आठवड्याच्या मधल्या एका वारी ती चष्म्याच्या दुकानात गेली. चष्मेवाला उंच, वाकलेला, स्वतःच जाड भिंगांचा माणूस होता. तिनं नंबर तपासून घेतला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "वर काय चालतं हो?"

"वर?" तो काच पुसत म्हणाला. "वर युद्ध चालतं. घाबरू नका, आठवड्यातून एकदाच असतं, आणि चहाला थांबतं."

मग त्यानं तिला वर नेलं. मोठं टेबल, त्यावर काळं कापड, कापडावर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे. ते तारे. कोळशाचे खडे इकडेतिकडे ठेवलेले, ते अवकाशात भटकणारे खडक. आणि पारदर्शक काड्यांवर उभी, बोटाएवढी जहाजं. पाण्यातली नव्हेत, आकाशापलीकडची. कुणी निळं, कुणी गंजल्यासारखं, एक मोठं तांबडं, पुढून बोथट, मागे चार नळकांडी. ते कुणाचं हे तिला सांगावं लागलं नाही. त्याच्या एका बाजूचा रंग ओघळला होता, आणि ओघळ पुसायच्या ऐवजी त्यावर दुसरा थर दिला होता. घरच्या खिडक्याही त्यानं तशाच रंगवल्या होत्या.

"मला शिकायचंय," ती म्हणाली.

"नातवासाठी घ्यायचंय का?"

"माझ्यासाठी."

चष्मेवाल्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "मग एक ऐका. पहिल्याच दिवशी अख्खं आरमार घेऊ नका. सगळे तेच करतात आणि पेट्या माळ्यावर जातात. ही छोटी पेटी न्या, चार जहाजांची. आधी दोनच जोडा. रंग नंतर. नियम त्याच्याही नंतर."

"मग आधी काय?"

"आधी एवढंच अंगात मुरू द्या, की जहाज थांबत नाही. तिकडे ना हवा, ना रस्ता. एकदा निघालं की निघालं. वेग थोडा थोडा कमी करता येतो, पण जागच्या जागी उभं राहता येत नाही. आणि कडेवरून बाहेर गेलं, की गेलं. परत टेबलावर येत नाही." मग त्यानं कवडीएवढी एक तबकडी तिच्या हातात दिली. तिच्यावर वेगाचे आकडे आणि डाव्या-उजव्या वळणाचे बाण होते. "प्रत्येक जहाजाची एक. पुढची चाल हिच्यावर लावायची आणि पालथी ठेवायची. समोरच्यानंही तसंच. मग दोघांनी एकदम उलटायची. दुसऱ्याचं बघून आपलं ठरवायचं, हे इथं नाही."

"आणि दोघांची जहाजं एकाच जागी आली तर? आपटतात?"

"छे! टेबल सपाट आहे ती आपली सोय. खरं तर वर-खाली अफाट जागा. एक वरून गेलं, एक खालून गेलं असं धरायचं. धक्कासुद्धा लागत नाही."

त्यासाठी आकाशापलीकडे कशाला जायला हवं, दोन खोल्यांच्या घरातही जमतं ते, असं तिला म्हणावंसं वाटलं. चष्मेवाला पेटी बांधत सांगत होता, "शनिवारी या. आमच्या कप्तानांचा खेळ बघा एकदा. काय करतील त्याचा नेम नाही. हसवून हसवून मारतो हो माणूस!" कप्तान. घरात नेम चुकत नाही असा एकच माणूस तिला माहीत होता: सकाळी डावी चप्पल आधी, चहात बिस्कीट बुडवायचं आणि पडलं की कपाला दोष. हा नेम नसलेला माणूस कोण, हे बघायची तिला अशी घाई झाली, जशी पोरवयात झोपाळ्यावर बसायची व्हायची. आणि त्याच घाईत कडूपणाही होता, बदामाच्या मुठीत एक कडू निघावा तसा.

जेवणाच्या सुट्टीत तिनं लॅबमध्ये पेटी उघडली. प्लॅस्टिकच्या चौकटीत जहाजांचे तुकडे लटकले होते. ते चिमट्यानं तोडायचे, कडेची शिवण पात्यानं खरवडायची, गोंदाचा एक ठिपका. पहिल्या जहाजाची इंजिनं तिनं उलटी चिकटवली आणि ते उघड्या जबड्यासारखं दिसू लागलं. शेजारच्या टेबलावरची मुलगी वाकून म्हणाली, "ताई, हा कुणाचा दात?" "राक्षसाचा. दाढ आहे." रंगाला मात्र तिनं पेटीतले रंग वापरले नाहीत. खोट्या दाताला खरा करायचा तर त्याला थोडा मळ द्यावा लागतो: मुळाशी पिवळट, टोकाशी निळसर, मध्ये चहाची एक पुसट रेघ. तेच तिनं जहाजांना दिलं. चार जहाजं झाली, हस्तिदंती, जुनी, भुकेली. इतकं सुंदर काही तिनं स्वतःसाठी कधी केलं नव्हतं. स्वतःसाठी तरी कुठं केलं होतं? ती त्याचं तोंड कसं होईल ते डोळ्यांपुढे आणत होती. त्याच्या डोळ्यांत पुन्हा ती चिमणी दिसेल. म्हणेल, तुला कसं कळलं?

शनिवारी ती माडी चढली तेव्हा तो टेबलापाशी वाकून, एक डोळा मिटून, मोजपट्टीनं नेम धरत होता. वर बघितलं. पट्टी खाली ठेवली. चेहऱ्यावरचं काहीतरी विझलं, की नुसतीच सावली पडली, ते तिनं नीट पाहिलं नाही. खरं म्हणजे पाहिलं, पण ते ठेवून दिलं.

"अहो," ती म्हणाली. घरी ती त्याला 'अरे' म्हणायची, चारचौघांत अहो. "पट्टा विसरलात."

मग शाळेची बस चालवणारा एक आडदांड माणूस, ज्याला सगळे भोंगा म्हणायचे, तो गर्जला, "कप्तान! या तुमच्या मिसेस? आणि तुम्ही आम्हाला सांगितलंत की तुम्ही एकटेच!" एकटेच. भोंग्याला तो विनोद वाटला होता. नवराही हसला, तोंडानं नुसतं. चष्मेवाला घाईनं म्हणाला, "वहिनी, आधी का नाही बोललात! या, या." तिनं रुमाल सोडून आपली जहाजं काळ्या कापडावर मांडली, आणि भोंगा पुन्हा ओरडला, "अरे बापरे, ही तर कवळी आली!" तेव्हापासून तिच्या आरमाराचं नाव कवळी पडलं. सगळे खाली वाकून रंग बघत होते, वाहवा करत होते. त्यानं एक जहाज उचललं, भिंगाखाली धरावं तसं डोळ्यांजवळ नेलं आणि परत ठेवलं. "चांगलं झालंय," तो म्हणाला. पाहुण्यांना म्हणतात तसं.

पहिले काही शनिवार ती हरत गेली. चारही जहाजं पोरांच्या रांगेसारखी एकमेकांना चिकटून नेली आणि एकाच माऱ्यात दोन गमावली. वेग कमी करायला विसरली आणि खडकावर गेली. सगळ्यांत वाईट म्हणजे जहाज तिच्याकडे तोंड करून येत असलं की तिचं डावं-उजवं चुके. ती स्वतःच्या डाव्या हाताकडे वळण लावायची आणि जहाज भलतीकडे पळायचं. "जहाजात बसून बघा, वहिनी," चष्मेवाला सांगायचा. "तुमचं डावं नाही, त्याचं डावं." ती प्रयत्न करायची. घरी ओट्यावर कुकरच्या झाकणाभोवती ती जहाजं फिरवून बघायची. तो बाहेर पेपर वाचत असायचा. येता-जाता आता दोघं बरोबर असत, फुटपाथवर शेजारी शेजारी, आणि ती त्या खेळाबद्दल बोलायची, तो हं म्हणायचा. त्याचं ते हसू मात्र माडीवरूनही गेलं होतं. तिला दिसत होतं ते. नवेपणा आहे, सवय होईल, असं ती स्वतःला सांगायची. आणि आत, दाढेत अडकलेल्या तंतूसारखं, दुसरंही एक वाटायचं: आता तिकडेही नाही ना हसत? बरं झालं. मग अशा वाटण्याची लाज वाटायची, आणि लाज वाटली की त्याचाच राग यायचा, कारण तिला असं करून ठेवणारा तोच होता.

मग एका दुपारी तिला सापडलं. जहाजात बसून बघा, म्हणाला होता चष्मेवाला. ती आपल्या जहाजात बसायला बघत होती आणि तिला ते परकंच वाटत होतं. म्हणून ती सहज त्याच्या तांबड्या जहाजात जाऊन बसली. तिथं तिला काहीच परकं नव्हतं. डावीकडे वळायचं असलं की तबकडी लावण्याआधी त्याची करंगळी टेबलावर दोनदा वाजते. घाबरला की तो वेग कमी करतो आणि खडकाच्या आडोशाला जातो, जसा पाहुणे आले की मोरीत जाऊन हात धूत बसतो. भोंग्यानं स्तुती केली की पुढच्या खेपेला सुसाट. तिनं आपल्या तबकड्या त्याच्या मनावरून लावल्या. तो जिथं येणार तिथं ती आधीच होती. तबकड्या उलटल्या आणि तो अलगद तिच्या तोंडात आला. माऱ्याचे फासे पडले. त्याचं एक जहाज गेलं, मग दुसरं. भोंगा टाळ्या पिटत म्हणाला, "कप्तान, वहिनींनी तुमच्या डोक्यात हेर ठेवलाय!" तिच्या कानशिलांत रक्त उसळत होतं. त्या पहिल्या खोलीतल्या भिंतीला पाठ टेकल्यासारखं झालं. ओळख पाहू. ओळखलं. ओळख पाहू. ओळखलं. तिनं त्याच्याकडे बघितलं, आता तो हरखेल म्हणून. तो तबकडी बोटांत फिरवत होता.

शेवटी त्याचं तांबडं मोठं जहाज तेवढं उरलं. उजवीकडे खडक होते. समोर, वीतभरावर, टेबलाची कड. मागे आणि डावीकडे, मध्ये थोडी मोकळी जागा सोडून, तिची कवळी, चारही शाबूत. वेग उतरवून डावीकडे वळणं एवढंच त्याला शक्य होतं, आणि वळला की त्याची मागची बाजू उघडी पडणार होती. तिनं चारही जहाजं त्या मोकळ्या जागेकडे लावली. त्याची करंगळी दोनदा वाजली. मग त्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. ती त्याच्या करंगळीकडे बघत होती. तो काही वेळ तसाच बसला, जसा लिफ्टच्या खड्ड्यात वाकून वरची केबिन आली का ते ऐकत असावा. तबकडी पुन्हा उचलली, काहीतरी फिरवलं, पालथी ठेवली.

"उलटा," चष्मेवाला म्हणाला.

तिची होती तशीच निघाली. त्याची निघाली ती सरळ. पूर्ण वेगानं, सरळ.

चष्मेवाल्यानं पट्टी लावली. तांबडं जहाज काळ्या कापडावरून, ताऱ्यांवरून, कडेवरून पुढे गेलं आणि उघड्या लाकडावर जाऊन थांबलं. तिथं आकाश नव्हतं. तिथं चहाच्या कपाचा ओला गोल होता. "कप्तान!" भोंगा ओरडला. "अहो, कड विसरलात की काय! कुठं निघालात?" आणि तो हसला. तेच हसू, पोटातून आलेलं, शेवटी शीळ असलेलं. सगळेच हसले. नियम पाहिला, कडेबाहेर गेलं ते गेलं, वहिनी जिंकल्या. चष्मेवाल्यानं तिचा हात हातात घेऊन हलवला. तिला ऐकू येत होतं ते फक्त हसू, आणि ते तिच्या हातून सुटून चाललं होतं. हे तिला ओळखता आलं नव्हतं. एवढ्या वर्षांत ही एकच चाल.

जिन्यात उजेड कमी होता. तो कठडा धरून, दुखरा पाय आधी टाकत उतरत होता. खालून चष्म्याच्या दुकानातली घंटी वाजली, कुणी गिऱ्हाईक आलं होतं. मधल्या पायरीवर ती थांबली.

"कड दिसली नाही तुला?"

"दिसली."

उत्तर तिच्या तोंडात तयार होतं. मी जिंकत होते म्हणून चिडलास. ते जिभेवर आलं, दातांशी आलं, आणि तिनं ते गिळलं.

"मग का?" ती म्हणाली. "मी ओळखत नाही. तू सांग."

तो एक पायरी खाली होता, त्यामुळे दोघांचे डोळे एका उंचीवर आले. "डावीकडेच वळणार होतो," तो म्हणाला. "तबकडी लावलीसुद्धा होती. मग बघितलं, तर तू माझ्या बोटाकडे बघत होतीस."

तिनं जहाजांचा रुमाल छातीशी धरला.

"तू कधी चुकली नाहीस. भूक म्हणालीस तर भूकच निघायची. राग म्हणालीस तर राग. आधी मला गंमत वाटायची, खोटं कशाला सांगू. मग असं झालं, की आपल्याच मनात जरा जाऊन बसावं म्हटलं, तर तू आधीच तिथं, दिवा लावून बसलेली." त्यानं कठड्यावरचा हात बदलला. "या माडीवर मी काय करणार ते मलाही ठाऊक नसायचं. म्हणून यायचो. दुसरं काही नव्हतं."

"मी नाही येत पुढच्या शनिवारपासून."

"ये की. हात छान बसलाय तुझा." त्यानं खिशातून तांबडं जहाज काढलं आणि तिच्या रुमालात, हस्तिदंती जहाजांच्या मधोमध ठेवलं. "मीच नसेन. इथं नाही, आणि घरीही नाही."

गावाबाहेरच्या लिफ्टच्या गोदामामागची खोली. त्याच्या कामावरच्या जुन्या जोडीदाराची, रिकामी. त्या खोलीची किल्ली गेले काही महिने त्याच्या हत्यारांच्या पेटीत, चिंध्यांखाली तिनं पाहिलेली होती. तिला लगेच दिसलं सगळं, खिडकी, स्टोव्ह, एकच खाट. तिचे ओठ उघडले, आणि ते उघडलेले त्यानं पाहिले.

"तुला ओळखता येईल," तो म्हणाला. "पण एवढं ओळखू नकोस."